मुंगी बुडाली म्हणून

"दूध बाधलंय हिचं," म्हातारी म्हणाली आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. वाटीत दूध, दुधात मेलेली मुंगी.

ही त्या गावची लॅबोरेटरी. बाळंतिणीचं दूध वाटीत पिळायचं, मुंगी सोडायची. चालत बाहेर आली तर दूध चांगलं, बुडाली तर बाधलेलं.

मी तेव्हा चौक गावाजवळच्या सबसेंटरला नर्स होते. एरियातले चढ असे, की सायकल मला न्यायची नाही, मीच सायकलीला न्यायचे.

लोधिवलीच्या त्या घरात दुपार साचून राहिली होती. ओवा-शेपाची धुरी छपराखाली तरंगत होती आणि तिच्यातून सगळं लांबवरचं वाटत होतं. बाज, बाजेवर म्हातारीची सून सुमन, तिच्या कुशीतलं पंधरा-वीस दिवसांचं पोर. पोर रडत नव्हतं. आमच्या धंद्यात रडणाऱ्या मुलाची नाही, गप्प मुलाची भीती वाटते. झोळीत घालून वजनकाट्याला लावलं, तर काटा हलायलाच लाजला.

मुंगी बुडाल्यापासून त्याला म्हशीचं दूध पाणी घालून बोंडल्याने पाजत होते. आणि सुमनला?

"भात नि भाजलेलं मीठ," सासू म्हणाली. "डाळीनं पोराचं पोट फुगतं, बाय. पानी पिऊन हिचं पोट सुटतं."

सासूशी वाद घालणं म्हणजे बोरघाटातली मालगाडी शिट्टी वाजवून मागे फिरवणं. मी म्हटलं, "आजी, म्हशीचंही तपासू या."

म्हातारीने ऐटीत ताजं दूध आणलं. मी मुंगी सोडली. ती पांढऱ्या समुद्रात गोल गोल फिरली. आम्ही तिघी माना वाकवून बघत राहिलो; मला तर वाटलं, बाहेर दिवाळी येऊन गेली असेल. मग ती बुडाली. दुसरी सोडली, तीही गेली.

"हेच दूध हायवेवरच्या हॉटेलात घालता ना?" मी हळूच विचारलं. "पुण्यापर्यंत एकही ट्रक ड्रायव्हर जिवंत पोचत नसेल."

बाजेवर सुमन पदराआड हसली. म्हातारीने बोटाने दोन्ही मुंग्या वाटीबाहेर काढल्या.

"मुंगीला पवाय येत नाय," ती म्हणाली, "त्याला दूध काय करंल?"

पोर लगेच छातीशी लावलं. मी सांगितलं, ओढेल तितकं दूध उतरतं, थांबवलं की आटतं. रोगांशी झगडायचं बळ त्यातूनच मिळतं. पहिला पिवळा चीक तुम्ही फेकलात, ती तर पहिली लसच होती. आई उपाशी असली तरी तिचं शरीर हाडं झिजवून बाळाला देत राहतं, पण ती किती दिवस पुरणार? मुगाचं वरण, नाचणीची भाकर, शेवग्याचा पाला, थोडी सुकट आणि तहानेला पाणी द्या. उद्या पोरात तरतरी दिसली नाही, तर उचलून दवाखान्यात नेईन.

दुसऱ्या दिवशी चढावरच रडणं ऐकू आलं. खोपोलीपर्यंत पोचलं असेल. मी सायकल टेकवली आणि तिथेच बसून मनसोक्त ऐकलं.

पुढच्या महिन्यात पोर सेंटरला आलं, तेव्हा काट्याने हात टेकले.

"सिस्टर, औषध कोणतं दिलंत?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"दोन मुंग्या, साहेब. पाण्याऐवजी दुधातून."

तेव्हापासून माझा एक नियम आहे. बाळंतिणीच्या दुधाची तक्रार आली, की आधी तिचं ताट मागवायचं.