उवांचं निमित्त

कनिशाय नारिनच्या डोंगरातली, सोळा वर्षांची. राजधानीच्या इस्पितळात तिला महिना झाला होता आणि तिथं आपलं म्हणावं असं माणूस एकच, नर्स झुराएजे, म्हणजे झुराताई. रोज सकाळी चहाआधी झुराएजे तिच्या मागे बसायची, कमरेखाली जाणारी वेणी सोडून विंचरायची, पुन्हा घालायची.

"या वेणीनं घोडा बांधला तर सुटायचा नाही बघ."

"एजे, मला झालंय तरी काय?"

"रक्त कमी झालंय. खात जा नीट."

"आणखी काही असलं तर?"

"तर आधी तुला सांगेन. तुझ्याशी खोटं बोलले तर माझी जीभ झडो."

एवढ्या शब्दावर पोरगी निर्धास्त होती. सुईसाठी दुसऱ्या कुणापुढे हात करायची नाही.

एके दिवशी वेणी अर्धी झाली असताना डॉक्टर आले. त्यांनी रशियनमधून विचारलं, "हिला कॅन्सरचं ठाऊक आहे?"

झुराएजेही रशियनमधूनच म्हणाली, "छे. आईबाप नको म्हणतात. उद्या औषध सुरू झालं की केस गळणार, म्हणून आजच कापते. उवा झाल्यात म्हणून सांगेन."

डोंगरातल्या पोरीला रशियन कुठून येणार, असंच दोघांनी धरलं होतं. बाप सायबेरियात विटा रचायला होता तेव्हा कनिशाय चार वर्षं तिथल्या शाळेत गेली होती. कुणी विचारलंच नव्हतं.

आजाराच्या नावानं ती हबकलीच. पण जास्त लागलं ते निराळंच. एवढं बोलताना एजेची बोटं वेणीत एकदाही अडखळली नव्हती.

डॉक्टर गेले. "अगं बाई, उवा झाल्यात की तुला," झुराएजे म्हणाली.

"एक दाखवा," कनिशाय रशियनमधून म्हणाली.

आता बोटं थांबली. "तुझ्या आईनं शपथ घातली होती गं."

"मला दिलेला शब्द त्याआधीचा होता."

कात्री तिनं मागून घेतली आणि वेणी स्वतःच कापली, वेडीवाकडी.

अल्लाच्या कृपेनं ती बरी झाली. आज त्याच वॉर्डात नर्स आहे. नवं लेकरू आलं की खुर्ची ओढून आधी विचारते, "तुला काय सांगितलंय? अजून काय जाणून घ्यायचंय?" आईबापांना बाजूला घेऊन म्हणते, "लपवाल तर ते एकटं पडेल."

नमाजानंतर ती सगळ्यांसाठी नाव घेऊन दुवा मागते. झुराएजेचं नाव आलं की हात तसेच उघडे राहतात. पुढे शब्द फुटत नाही.