तिसऱ्या वायपरचं भोक

अमेरिकेला पाठवलेल्या गाडीला तीन वायपर असायचे; इंग्लंडात ठेवलेल्या तसल्याच गाडीला दोन. तेही सगळ्या सालांना नाही, एकोणसत्तरच्या मॉडेलपासून पुढं. काच तेवढीच, कारखाना एकच. पण अमेरिकेचा कायदा असा की काचेचा अमुक इतका भाग पुसला गेलाच पाहिजे, आणि त्या बुटक्या, रुंद काचेवर दोन वायपरना ते जमेना. म्हणून काचेखालच्या पत्र्याला तिसरं भोक.

मला हे सुप्यात कळलं, पुणे–नगर रस्त्यावरच्या एका ढाब्याच्या पाठीमागं, पत्र्याच्या शेडमध्ये. गाडीचं नाव लिहीत नाही. इंग्लिश गाडी, दोन सीटची, बिनटपाची, साठ-सत्तरच्या काळातली. ज्यांना ठाऊक आहे ते ओळखतील.

मी खर्ड्याच्या पलीकडच्या गावचा. सहावीत असताना आईबाप ऊसतोडीला निघाले, धाकट्या बहिणीला सांभाळायला मलाही नेलं, आणि त्या वर्षी सुटलेली शाळा पुढं कुठल्याच वर्षी धरता आली नाही. एकोणिसाव्या वर्षी सुप्याच्या कारखान्यांत काम मिळतं ऐकून आलो. गेटवरच्या माणसानं दहावीचा दाखला मागितला. परत जायचं तर सुप्याहून नगर, नगरहून जामखेड, तिथून जीप, सगळा दिवस. शिवाय तोंड काय दाखवायचं. म्हणून ढाब्यावर पाणी प्यायला थांबलो, तिथं गॅरेजचे मालक चहा पीत होते. त्यांनी विचारलं, "पार्ट धुशील का?" मी म्हटलं, धुईन.

त्यांना सगळे दादा म्हणत. पुण्याच्या हौशी लोकांच्या जुन्या गाड्या खोलून, पत्रा-रंग-इंजिन करून पुन्हा उभ्या करायच्या, हा त्यांचा धंदा. दादांनी मला काय दिलं ते आधी लिहितो, नाहीतर पुढचं वाचून त्यांच्याबद्दल भलतंच वाटेल. राहायला शेडच्या मागची खोली दिली. त्यांच्या मुलीचं इंग्रजी अक्षरांचं चित्रांचं पुस्तक आणून दिलं आणि म्हणाले, "मॅन्युअल वाचता आलं पाहिजे, नुसते पान्हे फिरवून मेकॅनिक होत नाही." दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा नगरच्या दवाखान्यात केसपेपर काढायला ते स्वतः रांगेत उभे राहिले, आणि पुढं बावीस दिवस त्यांच्या घरून बिनतेलाचं जेवण आलं. वहिनी डब्याखाली लिंबाची फोड ठेवायच्या. हे कुणी विसरू शकत असेल तर त्यानं विसरावं. मला जमत नाही.

माझा स्वभाव असा, की समोरच्याचा आवाज जरा बदलला तरी आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. दादा नुसते खाकरले तरी मी हातातलं काम पुन्हा तपासायचो. या भीतीतूनच वही सुरू झाली. त्या एका जातीच्या गाड्या आमच्याकडं बऱ्याच यायच्या, आणि एकीचा पार्ट दुसरीला बसायचा नाही. बसला तरी शोभायचा नाही. मग मी दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर 'घरची', उजव्या पानावर 'बाहेरची'. घरची म्हणजे इंग्लंडात विकलेली, बाहेरची म्हणजे अमेरिकेला गेलेली. घरचीला लोखंडी डॅशबोर्ड, उघडा, काळा. बाहेरचीला अडुसष्टपासून त्याच जागी फुगीर, उशीसारखी गादी, कारण अपघातात डोकं आपटलं तर फुटू नये. बाहेरचीच्या कुशीला रिफ्लेक्टर, सीटला डोकं टेकायची उशी. परमुलखात निघालेल्या पोराला घरच्यांनी जास्तीचं बांधून द्यावं तसं. सालांचा हिशोब वेगळाच: सदुसष्टपर्यंत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडायचे, पुढं मायनस. चौसष्टच्या अखेरपर्यंत इंजिनच्या क्रँकला तीन बेअरिंग, पुढं पाच.

आमचे पेंटर वयानं मोठे, जीभ तिखट. मी वही काढली की म्हणायचे, "आले मास्तर. चला, पाट्या काढा." सहावीतून सुटलेल्याला मास्तर. मी हसायचो, पण खरं सांगतो, आत बरं वाटायचं. गिऱ्हाईक आलं की दादाही म्हणायचे, "सालाचं आमच्या मास्तरला विचारा." मग पुण्याची शिकलेली माणसं माझ्याकडं वळून विचारायची आणि मी सांगायचो. गावाकडं मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. माझं स्वतःचं म्हणून तेवढंच होतं.

चार वर्षांपूर्वी पुण्याचे एक निवृत्त डॉक्टर आले. त्यांच्या वडिलांकडं सहासष्टची गाडी होती, घरच्या पद्धतीची. डॉक्टर कॉलेजात असताना ती विकली गेली. "तशीच हवी," ते दादांना म्हणाले. "फार पळाली नाही तरी चालेल. पण तशीच."

तशी आमच्याकडं नव्हती. होती ती एकोणसत्तरची, अमेरिकेच्या पद्धतीची, दिल्लीत कुणीतरी स्टिअरिंग डावीकडून उजवीकडं घेतलेली. डॉक्टर गेल्यावर दादा तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "हिलाच घरची करू."

मी केली. दुसऱ्या कुणाला जमलंही नसतं, कारण काय काय लपवायचं ते वहीतच होतं. गादीचा डॅशबोर्ड काढून भंगारातला लोखंडी बसवला. कुशीची भोकं बुजवली. सीटच्या उशा काढल्या. पुढच्या सालांचा अल्टरनेटर काढून जुन्यांचा डायनॅमो लावला, बॅटरी उलटी जोडली. तिसऱ्या वायपरचं भोक वेल्डिंगनं बंद करून वरून घासून असं सपाट केलं की पेंटरसुद्धा म्हणाले, "कुटं हुतं रं?" कागदपत्रांचं दादांनी बघितलं. मी विचारलं नाही.

एकच गोष्ट राहिली. तेव्हा धीर करून म्हटलं, "दादा, गिअरबॉक्स पुढच्या सालाचाच ऱ्हातोय."

"वरून दिसतो का?"

"दिसत न्हाई. पन जुन्या गाडीत चालत्यात पहिला गिअर पडत न्हाई, दात घासत्यात. हिच्यात पडतो."

"मग चांगलंच की. चांगलं निघालं म्हणून कुणी भांडतं का?"

"जुना बसवायचा तर सीटांमधला उंचवटा कापावा लागंल. जुन्यांचा अरुंद हाय."

पेंटर घासता घासता म्हणाले, "मास्तर, गाडी विकायची हाय का तिची परीक्षा घ्यायची हाय?"

दादा हसले. मीही हसलो.

डॉक्टर ठरल्या दिवशी सकाळी आले. चालवून बघताना दादांनी मलाच शेजारी बसवलं, काही विचारलं तर सांगायला. डॉक्टरांनी आधी डॅशबोर्डवरून हात फिरवला. "अस्संच होतं," म्हणाले. "इथं माझा गुडघा आपटायचा." त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मला वाटलं, होऊ दे खोटं, पण माणूस सुखी झाला ना. इतका मी निर्लज्ज झालो होतो.

गावात शिरताना गतिरोधक आहेत, एकामागोमाग एक. वहीत मी सगळं लिहिलं होतं, गतिरोधक तेवढे नव्हते. आपल्याकडं गतिरोधक आला की माणूस पुरता थांबत नाही. गाडी हळू करतो, चालत्यातच पहिला टाकतो आणि उतरून जातो. पहिल्या गतिरोधकाला डॉक्टर थांबले. दुसऱ्याला रोजच्या सवयीनं त्यांचा हात पहिल्यावर गेला. गिअर लोण्यासारखा पडला.

तिसऱ्या गतिरोधकाला त्यांनी तेच मुद्दाम केलं. मग कांद्याच्या एका टेम्पोमागं गाडी बाजूला घेतली.

"बाबा ओरडायचे," ते समोर बघत म्हणाले. "आधी थांब, मग पहिला. किरकिरला की आठवडाभर किल्ली मिळायची नाही. हा किरकिरतच नाही. काय आहे रे हे?"

"दादांना इचारा, साहेब."

परत आल्यावर त्यांनी सीटांमधल्या उंचवट्यावर वीत लावून बघितली. बोनेट उघडायला लावलं आणि काचेखालच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला बोट घातलं. तिथं मी वेल्डिंग घासलं नव्हतं. आतून कोण बघतंय, असं वाटलं होतं. ते बोट एका जागी थांबलं.

"तिसरा वायपर," डॉक्टर म्हणाले. "मीही थोडं वाचून आलोय, दादा."

दादांनी माझ्याकडं बघितलं. "कुणी केलं हे?"

मला क्षणभर वाटलं ते खरंच विचारतायत. मी तोंड उघडणार तोवर ते डॉक्टरांकडं वळले. "काय सांगू साहेब. मी चार दिवस बाहेर होतो. शेडात दोन गाड्यांचे पार्ट पडलेले, या पोरानं एकत्र करून टाकले. सहावी शिकलेला. फरक कळत नाही त्याला. दया येते म्हणून ठेवलाय."

पेंटरांचा पॉलिश पेपर थांबला. डॉक्टर माझ्याकडं आले. "तुला फरक कळत नाही?"

वही हत्यारांच्या फळीवर होती, माझ्यापासून हातभर. दादा माझ्याकडं बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते. मला दवाखान्याची रांग आठवली. नाही, असं म्हणणंही सोपं करून सांगणं झालं. मला रांग आठवली आणि मागची खोलीही आठवली. इथून हाकललं तर संध्याकाळी कुठं जायचं, हेही आठवलं. उपकार कुठं संपले आणि भीती कुठं सुरू झाली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आत्ताही येत नाही.

"न्हाई कळत, साहेब."

"इंग्लंडची कुठली, अमेरिकेची कुठली, काहीच नाही?"

"न्हाई."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. पण ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मग शीक ना, बाळा. काम सफाईदार आहे तुझं. नुसत्या हातावर किती दिवस काढशील?" आणि निघून गेले.

दादांनी चहा मागवला. मला स्वतःच्या हातानं कप दिला, म्हणाले, "तू होतास म्हणून गॅरेजचं नाव राहिलं." आणि लाज वाटते लिहायला, पण मला तेव्हा बरं वाटलं. चहा संपेपर्यंत बरं वाटलं.

या गाड्यांची हौस असलेली माणसं पुण्यात मोजकीच. सगळे एकमेकांना ओळखतात. महिन्याभरात एक जण आपली गाडी सोडायला आले आणि माझ्यासमोरच म्हणाले, "तो सहावीवाला कोण आहे? त्याला हात लावू देऊ नका."

"छे छे," दादा म्हणाले. "सालाचं सगळं मी स्वतः बघतो."

मी तिथंच उभा होतो, त्यांच्या गाडीचा दिवा हातात धरून. दिवा ठेवला आणि मागच्या शेडमध्ये गेलो. तेव्हापासून मी मागंच असतो: गंज काढणं, इंजिन खोलणं, धुणं. त्यातलं काम कमी दर्जाचं नाही, पण पुढं गिऱ्हाईक असलं की मी येत नाही, असं आपोआप ठरून गेलं. पेंटरांनी मास्तर म्हणणं सोडलं. आता ते मला नावानं हाक मारतात. त्यांना माझी कीव आली असावी. त्यापेक्षा टोमणा बरा होता.

डॉक्टरांनी न घेतलेली ती गाडी पुढं परराज्यात गेली, सहासष्टची म्हणून. घेणारा तिच्यात बसून गावात गेलाच नाही, ट्रकवर चढवून घेऊन गेला.

एकदा मी नगरला दुसऱ्या एका गॅरेजमध्ये काम विचारायला गेलो होतो. दादांना न सांगता. मालकानं सुप्याचं नाव ऐकलं आणि विचारलं, "तूच का तो, दोन गाड्यांची खिचडी केलेली?" मी म्हटलं, व्हय. आता काय सांगणार? मला सगळं कळत होतं, असं म्हटलं तर मी चोर. कळत नव्हतं म्हटलं तर अडाणी. आणि अडाणी आहे हे मी स्वतःच्या तोंडानं साक्षीदारांसमोर सांगून बसलोय. त्यानं पाणी दिलं, मी पिऊन परत आलो. दादांना कळलं की नाही, ठाऊक नाही. त्या आठवड्यात ते दोनदा खाकरले तेव्हा माझ्या हातातून पान्हा पडला.

गेल्या आठवड्यात मी मागं इंजिन खोलत बसलो होतो. दादा फोन छातीशी दाबून आत आले आणि हळूच म्हणाले, "दाराचं हँडल ओढायचं आहे, बटण नाही. कुठलं साल?"

"ओढायचं असंल तर पासष्टच्या सुरुवातीपर्यंतची. पन क्रँकला बेअरिंग किती ते इचारा. तीन असली तर चौसष्ट किंवा त्याच्याबी मागची."

ते फोन कानाला लावत बाहेर निघाले. मला सगळं ऐकू येत होतं. "हँडल ओढायचं ना? मग पासष्टच्या सुरुवातीपर्यंतचीच. बेअरिंग किती आहेत तेवढं बघून घ्या... अहो, इतकी वर्षं हेच तर करतोय."

मला चुकीचं सांगता आलं असतं. एक साल इकडचं तिकडं केलं असतं तरी पुरलं असतं. विचार मनात आला, नाही असं नाही. पण त्या गाडीबद्दल चुकीचं बोलायला जीभ वळली नाही. एकदा वळली होती तेवढी पुरे.

थोड्या वेळानं दादा पुन्हा डोकावले. "जेवलास का?"

"जेवलो, दादा," मी म्हटलं.