चाकाला हात लावणारे वीरभद्रप्पा

शेषेरावांनी वीरभद्रप्पांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते लातूर रोडच्या फलाटावर. मालगाडी येऊन थांबली होती, ब्रेकच्या ठोकळ्यांचा करपट वास सुटला होता, आणि इंजिनातून उतरलेला ड्रायव्हर डब्याच्या चाकाजवळ तळहात धरून उभा होता. तापलेल्या लेकराच्या कपाळाशी आई धरते तसा.

शेषेराव ड्रायव्हरांवर देखरेख ठेवणारे इन्स्पेक्टर. वीरभद्रप्पांची बावीस वर्षं डिझेलवर गेली होती. मार्गावर विजेच्या तारा आल्यावर ते नवं शिक्षण पास झाले, तरी उतार आला की हात चाकांवर ठोकळे दाबणाऱ्या हवेच्या ब्रेककडेच जायचा. विजेचा ब्रेक नुसता शोभेला. दोनदा समज देऊन झाली होती. आता शेषेराव स्वतः गाडीत बसणार होते. या खेपेलाही तेच दिसलं, तर अप्पांना मेन लाइन सोडून यार्डात डबे इकडून तिकडे करत बसावं लागणार होतं.

लातूर रोडकडं परत येताना उदगीर मागं पडलं. पुढं लांब उतार होता.

"अप्पा, हवेशी लगीन लावलंय का तुम्ही?"

"साहेब, डिझेलातही असला ब्रेक होताच की. एकदा उतारावर मधीच सुटला. पुढं फाटकात माणसं. हवा लावली म्हणून दोन खांब अलीकडं थांबलो. तवापासून माझा मेळ बसंना बगा."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शेषेरावांनी हवेच्या दांड्याकडं बोट केलं.

"हवा सोडा म्हणतंय कोण? डावा हात ठेवा तिच्यावर. आधी हा विजेचा लावा. हा लावला की चाकं मोटारी फिरवून वीज करतात. डिझेलात ती तापून वाया जायची. इथं ती तारेत परत जाते. समोरून एखादी गाडी चढ चढत असंल, तिला मिळते."

वीरभद्रप्पा रुळांकडं पाहत राहिले. निलंग्याजवळच्या त्यांच्या गावी चार घरांत एक सामाईक विहीर. एकाची पाळी संपली, की पाटात राहिलेलं पाणी पुढच्याच्या वावरात वळवायचं. ते ओढ्यात सोडणाऱ्याशी त्यांचे वडील महिना-महिना बोलत नसत.

"म्हंजी पाटातलं पाणी म्हणा की."

"हाव. तसंच."

"मग मी इतके दिस ओढ्यात सोडून राहिलो," ते हळूच म्हणाले.

त्यांनी थ्रॉटल मागं, विजेच्या ब्रेकवर ओढला. डावा हात हवेच्या दांड्यावरून हलला नाही, पण दांडाही हलला नाही. गाडी जड बैलासारखी मागं रेटत, धक्का न देता मंदावली. समोरच्या पडद्यावर परत गेलेल्या विजेचा आकडा चढत गेला. अगदी शेवटी, गाडी उभी करण्यापुरती, त्यांनी हवा लावली.

लातूर रोडला उतरून ते सवयीनं चाकाशी गेले. तळहात धरला. मग हलकेच टेकवला.

"कोमट हाय," ते म्हणाले. "लई तर चहाएवढं. तेबी तुमच्या कँटीनच्या."

शेषेरावांनी अहवाल तिथंच फलाटावर बसून लिहिला.

वीरभद्रप्पांच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत, आणि ते मेन लाइनवरच मालगाडी चालवतात.