सगळे ‘भाईर’ येईपर्यंत

तुळशीराम मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट आमच्याच अंगणात झाली, माझ्या थोरल्या भावाच्या, शंकरच्या, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, असं त्यांच्या अमृतमहोत्सव समितीतल्या एका मित्रानं मला बजावलं होतं. शुभकार्यात अशुभ कशाला, असं त्याचं म्हणणं. मी ते मिस्त्रींच्या कानावर घातलं, म्हणजे खरोखरच कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, कारण अलीकडे त्यांना त्याशिवाय ऐकू येत नाही. ते म्हणाले, “शंकरचं पैले लिह. नाई तं लिहूच नको.” तेव्हा शंकरचंच आधी लिहितो, आणि मित्रानं मला माफ करावं.

ज्यांचा मशिनरीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी मिस्त्रींचं काम थोडं सांगायला हवं. आपल्या अमरावती-अकोल्याच्या रानात बांध घालायला, शेततळी खोदायला, नाले खोल करायला चेनवाले जुने डोझर फिरतात. त्यातले बरेचसे आपल्या मालकांपेक्षा वयानं मोठे आहेत. त्यांची चेन ज्या दातेरी चाकावर फिरते, त्या चाकामागे गिअरचा एक जाड डबा असतो. त्याला फायनल म्हणतात. इंजिनाची सगळी ताकद शेवटी तिथून चेनीत उतरते. आपली काळी माती ओली असली की चिकट आणि वाळली की काचेच्या चुऱ्यासारखी. ती सीलमध्ये शिरते, ऑइल गळायला लागतं, दात खाल्ले जातात, आणि एक दिवस मशीन भर वावरात एका अंगावर बसून राहतं. ते उचलून शहरात आणणं म्हणजे हत्ती खाटेवर घालून नेण्यासारखं. म्हणून मिस्त्रीच वावरात जातात. चेन तोडायची, मशीनची एक बाजू जॅकवर उचलायची, खाली रेल्वेरुळांखाली असतात तसे जाड लाकडी स्लीपर रचायचे, पुलर लावून चाक ओढून काढायचं, फायनल उघडायची. मग सगळं परत बसवून मशीन हळूहळू खाली उतरवायचं. खोलण्यात धोका आहेच, पण माणूस दगावतो तो बहुतेक उतरवताना. काम झालं असं मनानं घेतलेलं असतं.

शंकर मिस्त्रींचा पहिला शिष्य. कौंडण्यपूरच्या अलीकडे, वर्धा नदीच्या काठच्या एका वावरात त्यांनी फायनल बसवली होती. शेवटचा स्लीपर ओढायला शंकर खाली शिरला. मिस्त्री पलीकडच्या बाजूला जॅकपाशी होते, मधे सगळं मशीन. त्यांनी विचारलं, “झालं का?” उत्तर आलं, “हाओ.” त्यांनी जॅक सोडला.

ते ‘हाओ’ शंकरचं नव्हतं. विहिरीवरून शेतमालकानं डोझरच्या ऑपरेटरला चहा घेता का म्हणून विचारलं होतं, आणि तो ‘हाओ’ म्हणाला होता. आपल्याकडे माणूस कशालाही ‘हाओ’ म्हणतो. जेवलास का, हाओ. बस गेली का, हाओ. बाप मेला म्हणे, हाओ. होकार, हुंकार, कंटाळा, सगळं एकाच शब्दात भागवायची आपली वऱ्हाडी सवय. त्या सवयीखाली माझा भाऊ गेला.

पोलीस येईपर्यंत जमलेल्यांनी ठरवून टाकलं होतं की जॅक सरकला. तसं सांगितलं असतं तर कोणी खोदून विचारलं नसतं, जुने जॅक सरकतातच. मिस्त्रींनी जमादाराला सांगितलं, “जॅक नाई सरकला. म्या सोडला.” पुढे कोर्टाच्या तारखा बरीच वर्षं चालल्या आणि शेवटी ते सुटले. सुटल्याचा त्यांना आनंद झालेला मी तरी पाहिला नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले तेव्हा चुलतभावांनी काठ्या काढल्या होत्या. आमचं घर भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्यांचं; वडील आधीच गेलेले, घरात शब्द आईचा. तिनं काठ्या खाली ठेवायला लावल्या. मिस्त्री अंगणातच उभे राहिले आणि चहाच्या ‘हाओ’चं सगळं तिला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तिनं पाण्याचा गिलास त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “पानी प्या आन जा.” ते पाणी न पिता गेले. गिलास भरलेला तसाच राहिला. त्यानंतर इतक्या वर्षांत ते आमच्या घरी किती वेळा आले असतील, पण त्या उंबऱ्यात त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही.

मी तेव्हा नांदगाव पेठला एका सूतगिरणीत होतो. पुढे तिथली पाळी बंद पडली आणि मी घरी बसलो. एके सकाळी आईनं मला एस.टी.त बसवलं आणि थेट मिस्त्रींच्या शेडमध्ये नेऊन उभं केलं. त्यांना म्हणाली, “एक तुमच्या हातानं गेला. हा दुसरा. सांभाळून दाखवा.” एवढं बोलून ती परतीच्या गाडीला गेली. मला तिचा भयंकर राग आला. मिस्त्रींचा तर होताच. पहिले कित्येक महिने मी त्यांच्याकडे पाना देताना त्यांच्या तोंडाकडे पाहत नसे, आणि तेही मला काही म्हणत नसत.

पण त्यांच्या कामाची रीत मला तेव्हापासूनच दिसत होती. काळ्या मातीवर ते जॅक ठेवत नाहीत. उन्हाळ्यात ती वरून दगडासारखी टणक असते, पण कालव्याच्या नाहीतर नाल्याच्या कडेला खाली ओल धरून असते, आणि भार आला की पापुद्रा फुटावा तशी फुटते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं, मग स्लीपर. अकोल्याकडच्या एका वावरात आम्ही असे खोदत असताना मालक म्हणाला, “कबर खोदून राह्यले का, मिस्तरी?” मिस्त्री म्हणाले, “नाई जी, बुजवून राह्यलो.” तो हसला. मला हसू आलं नाही, पण त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागलो.

दुसरी रीत हाकेची. आमच्या कामावर ‘हाओ’ बंद आहे. मशीन उतरवण्याआधी मिस्त्री जॅकला हात लावतात आणि एकेकाचं नाव घेतात. ज्याचं नाव, त्यानं स्वतः ‘भाईर’, म्हणजे मी बाहेर आहे, असं म्हणायचं. दुसऱ्यानं त्याच्या वतीनं म्हणायचं नाही. सगळ्यांची नावं झाली की शेवटी ते म्हणतात, “शंकर.” आणि थांबतात. कोणी काही बोलत नाही. तेवढी शांतता झाली की मगच जॅक सुटतो.

लोकांनी याची टिंगलही केली. आभाळ भरून आलेलं, मशीन नाल्यात, आणि एका ठेकेदाराचा जीव वरखाली होत होता. तो म्हणाला, “काहून एवढी नावं घेता जी? शाळेची हजेरी आहे का?” मिस्त्रींनी जॅकवरचा हात काढला आणि बांधावर जाऊन बसले. ठेकेदार ओरडून ओरडून दमला, त्याच्या गाडीत जाऊन बसला, तेव्हा ते उठले आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरू केलं. पावसानं आम्ही चिंब झालो. ठेकेदाराचं नावही त्यांनी त्या हाकेत घेतलं, आणि त्याला गाडीची काच खाली करून ‘भाईर’ म्हणावं लागलं.

आमच्यातल्या गणपतची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. मूर्तिजापूरच्या पुढे एका वावरात मिस्त्रींनी त्याचं नाव घेतलं, आणि तो म्हणाला, “हाओ.” मिस्त्रींचा हात थांबला. त्यांनी पुन्हा नाव घेतलं. पुन्हा “हाओ.” आम्ही वाकून पाहिलं तर गणपत चेनीच्या चौकटीखाली आडवा, पडलेली चुन्याची डबी चाचपत होता. बाहेर आला तेव्हा आधी त्याला काही कळलंच नाही. मग कळलं. मिस्त्री त्याला एक शब्दही रागावले नाहीत. त्याला बाभळीखाली बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं, त्या दिवसाचं काम तिथंच बंद केलं आणि मला त्याच्यासोबत गाडीवर पाठवलं. “त्याच्या बायकोच्या सुपूर्द कर,” म्हणाले, “आन ती समोर आल्याबिगर मांगं फिरू नको.” गणपतच्या घरात आजही मिस्त्रींचं नाव देवापाशी घेतात. मिस्त्रींना हे आवडत नाही, आणि मलाही त्याचं काय करावं ते कळत नाही.

आता त्यांच्या कानांविषयी. पुलरनं चाक सुटतं तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो, आणि जन्मभर घणाचे घाव. अकोल्याच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं, पण आमच्या गोंगाटात ते नुसती शिट्टी मारतं. काही काळ मिस्त्रींनी ओठांवरून भागवलं. मागच्या हंगामात धामणगाव रेल्वे या गावाच्या पुढे एका शेततळ्याच्या कामावर ते भागेनासं झालं.

फायनल बसली होती. मिस्त्रींनी जॅकला हात लावला आणि हाक दिली, “गणपत.” गणपत मशीनच्या पलीकडे, बांधावर उभा होता. तो ‘भाईर’ म्हणाला. मिस्त्री थांबूनच. पुन्हा हाक. गणपत ओरडला. आम्ही सगळेच ओरडलो. त्यांना अंदाजानं सोडता आलं असतं. सगळे बाहेर आहेत हे आम्हाला दिसत होतं, आणि त्यांनी सोडला असता तर कोणाला कळलंही नसतं की त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी हात काढून घेतला आणि मला जवळ बोलावलं.

“कोनाचंच येत नाई,” ते म्हणाले. “मले आता समदे शंकरच झाले.”

मग म्हणाले, “तू हाक मार.”

मी जॅकपाशी गेलो. एकेकाचं नाव घेतलं, एकेकाचं ‘भाईर’ ऐकलं. मग शेवटचं नाव घ्यायची वेळ आली. इतकी वर्षं ते नाव मी रोज ऐकत होतो, पण मशीनपाशी उभं राहून स्वतःच्या तोंडानं कधी घेतलं नव्हतं. “शंकर,” मी म्हणालो. मिस्त्री माझ्या ओठांकडे पाहत होते. त्यांनी मान खाली घातली. मी थांबलो आणि जॅक सोडला.

परत येताना ते म्हणाले, “मायकडं घे.” आई अंगणात झेंडूचे ढीग लावत बसली होती. तीही आता थकली आहे. मिस्त्री तिच्यापुढे उभे राहिले, पहिल्या दिवशी उभे होते त्याच जागी.

“माय,” ते म्हणाले, “हा तुमचा दुसरा. सांभाळला. आता माह्यानं होत नाई.”

आई म्हणाली, “हाओ.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, आई हाओ म्हणते. “हाओ चालत नाई, माय,” ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

आईनं हातातली फुलं ठेवली आणि गुडघ्यावर हात देत उठली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “मिस्तरी, शंकर काई आता भाईर येत नाई. तुमी तरी या.”

त्यांना ते ऐकू गेलं, कारण थोड्या वेळानं ते अंगणातल्या बाजेवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. आईनं गिलास दिला. तो त्यांनी पूर्ण प्यायला. मी आत गेलो आणि बऱ्याच वेळानं बाहेर आलो.

मिस्त्रीजी आता हातात पाना धरत नाहीत, पण कामावर येतात. खुर्ची टाकून बाभळीखाली बसतात आणि मुरूम लागला की नाही ते काठीनं ठोकून पाहतात. समितीनं लेखाच्या शेवटी शुभेच्छा लिहायला सांगितलं आहे. मला सजवून लिहिता येत नाही, म्हणून आमच्या कामावरचंच सांगतो. मशीन उतरवताना मी जी नावं घेतो त्यांत आता तुळशीराम हे नाव सर्वांत आधी असतं. त्यांना हाक ऐकू येत नाही; माझे ओठ पाहून ते हात वर करतात, आणि तो दिसल्याशिवाय मी पुढचं नाव घेत नाही. तो हात असाच, दुखण्याशिवाय, पुष्कळ वर्षं वर होत राहो. शंकरच्या नावानंतर आम्ही गप्प उभे राहतो. मिस्त्रीजींच्या नावानंतर तसं उभं राहायची पाळी आमच्यावर लवकर न येवो.