शेवटचा थांबा, फेरी पूर्ण

"तुझी आई खोटारडी की तू?"

डेपोत सगळ्यांसमोर साहेबांनी विचारलं. त्यांच्या एका हातात माझ्या आवयचा अर्ज, निळ्या अंगठ्यांनी भरलेला: महारवाड्यावर बस येत नाही. दुसऱ्या हातात माझ्या ट्रिपशीटा. रोज एकच मजकूर: शेवटचा थांबा महारवाडा, फेरी पूर्ण, वेळेवर. खाली कंडक्टरची सही. माझी.

ड्रायव्हर हसले. कारकून हसले. मीही हसलो. ते हसू अजून दातांत अडकलंय.

मी अख्ख्या पेडण्यात नावाजलेला थापाड्या. आमची बस चढावर इतकी हळू चालायची की मागच्या सीटवर एका कोंबडीनं अंडं घातलं आणि म्हापसा येईस्तोवर मला पिल्लाचं अर्धं तिकीट फाडावं लागलं. असलं सांगून माणसं हसवायचो. मग कागदावर आणखी एक थाप, काय बिघडलं?

घटक राज्य नुकतंच झालेलं. दर महिन्याला पणजीला अहवाल जायचा: ठरलेल्या फेऱ्या किती, झालेल्या किती. शंभरातल्या शंभर हव्यात. आणि बस तर भाटकाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, फाटकाशीच वळायची, वाड्याच्या अर्धा कोस अलीकडे. सकाळी वाड्यावरून सुटली तर आमची माणसं आधी बसणार, भाटकाराच्या घरचे उभे राहणार. म्हणून त्यानं ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं, "गाडी हयसरच वळय."

मी रोजंदारीवर. खरं लिहिलं तर घरी. आवय गुडघे धरून फाटकापर्यंत चालत यायची, सगळ्यांच्या मागून चढायची, आणि मी तिला तिकीट द्यायचो वाड्यापासूनचं, चालून आलेल्या वाटेचेही पैसे घेऊन. हिशेब जुळायला हवा ना. तिला वाचता येत नव्हतं. बस वाड्यावर का येत नाही रे, म्हणून विचारायची. मी सांगायचो, ओहळावरच्या साकवाखाली देवचार बसलाय, भुताला इंजिन भितं. शेवटी कंटाळून तिनं वाड्यातले अंगठे गोळा केले.

साहेबांनी उत्तर टाइप करूनच ठेवलं होतं: तक्रार खोटी आहे. ते अर्जावर ठेवून त्यांनी माझ्या हातात दिलं नाही. जमिनीवर टाकलं.

"उचल, सही कर. दिवसभर थापा मारतोस, त्यात ही एक."

वाकलो. उत्तराखालून अर्ज सरकला होता. सगळ्यात वर आवयचा अंगठा. शेणामातीत राबून त्याच्या रेषासुद्धा पुसल्या होत्या. नुसता निळा डाग. पण खरा.

"खोटारडो मी," मी म्हटलं. "आवय न्हय."

मग त्या दिवसाची शीट ओढली. लिहिलं: फेरी अपुरी. कारणाच्या रकान्यात पंक्चर, बिघाड असलं लिहायची रीत. मी लिहिलं: आमची जात.

कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी काम गेलं. घरी आवयला सगळं खरं सांगितलं. आवय दोन दिवस बोलली नाही. नोकरी गेली म्हणून नाही. त्या तिकिटांसाठी.

आता घरात पेज इतकी पातळ की तीत तोंड दिसतं. ही थाप नव्हे. रोज सकाळी वही घेऊन वाड्याच्या टोकाला उभा राहतो. तेच रकाने आखलेत. गाडी आली नाही. कारण: जात. खाली आवयचा अंगठा. महिना भरला की नक्कल पणजीला. उत्तर येत नाही.

न येवो. बसचं चाक वाड्याच्या मातीला लागेस्तोवर कारणाच्या रकान्यात मी दुसरा शब्द लिहिणार नाही.