बटईचा कुत्रा

पावभर मासे मागायला मला लाज वाटायची. आठवडी बाजारात मासेवालीसमोर उकिडवं बसून पावभर म्हटलं, की सगळ्या बाजाराला कळणार, बाई एकटीच आहे. म्हणून मी अर्धा किलो घ्यायची, घरी चार माणसं वाट पाहत असल्याच्या थाटात. मग तेच कालवण दुसऱ्या दिवशीही खायची आणि उरलेलं नालीत ओतायची. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी आरमोरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला लागली होती. बल्लारपुरात, पेपर मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या घरात वाढलेली पोरगी मी. लग्न झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. का, ते इथे सांगत बसत नाही. तो माझा मामला आहे.

खोली मिळायलाही नाकी नऊ आले होते. गावातल्या घरमालकांना माझं नाव पुरत नसे, आडनाव हवं असे. आडनाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघायची. शेवटी गावाच्या टोकाला, धानाच्या बांध्यांना लागून एक खोली मिळाली. घरमालकीण भाडं बरोबर घ्यायची, पण माझ्या हातचा चहा तिला कधीच नको असायचा. आज उपास, उद्या पित्त. मी भांडखोर आहे हे तोवर गावभर झालं होतं, त्यामुळे उगाच बोलायला कोणी येत नसे. शनिवारी शाळा सुटली की सोमवारच्या हजेरीपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघालेला नसायचा. आवाज बसला की काय, म्हणून मी कधीकधी खाकरून पाहायची.

मासेवाली म्हातारी वैनगंगेकाठच्या एका खेड्यातून यायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी पार सिरोंच्याकडे दिली होती. तिच्यासोबत एक पिवळा कुत्रा असायचा. त्याला नाव नव्हतं, ती नुसतं 'ये रे' म्हणायची आणि तो यायचा. टोपलीच्या एका बाजूला म्हातारी, दुसऱ्या बाजूला तो. कावळा उतरला की उठायचा, मांजर दिसली की गुरगुरायचा, पण टोपलीतल्या माशाला कधी तोंड लावलं नाही त्यानं. मी माशांची डोकी कापून घ्यायची आणि ती त्याला टाकायची. तेवढीच आमची ओळख.

एका बाजाराच्या दिवशी म्हातारी टोपली न घेताच आली आणि बाजारात न जाता सरळ माझ्या शाळेच्या फाटकात उभी राहिली. कडेवर कुत्रा होता, लुगड्याच्या पदरात गुंडाळलेला. त्याच्या तोंडातून हातभर दोरा लोंबत होता. नदीवर कोणीतरी कोंबडीचं आतडं लावून गळ टाकून ठेवला होता, तो यानं गिळला. पुढचं तर त्याहून वाईट. शेजारची माणसं धावून आली, सगळी जन्मभर मासे धरणारी. त्यांनी माशाच्या तोंडातून गळ काढतात तसा जबडा धरला, दोरा पिळला आणि ओढला. आता मासा काय, काढून टोपलीत टाकायचा असतो. कुत्रा जगवायचा होता, हे त्या घाईत कोणाच्या लक्षातच आलं नाही. गळ आणखी खोल रुतून बसला.

जनावरांच्या दवाखान्यात आम्ही दोघी गेलो. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं बघितलं आणि म्हणाला, इथे भूल द्यायची सोय नाही, गडचिरोलीला एक खाजगी डॉक्टर चिरफाड करतो, पण आजच न्या, उद्यावर टाकू नका. जीपचं भाडं, भूल, औषधं, सगळा मिळून अंदाज सांगितला. म्हातारीनं तो ऐकून घेतला. "राहू द्या मंग," एवढंच म्हणाली आणि कुत्र्याला उचलायला वाकली. रडली नाही, गयावया केली नाही.

माझं डोकंच फिरलं. मी तिच्यावर ओरडली, राहू द्या म्हणजे काय, तुमच्या घरचं मडकं फुटलं का? मग डॉक्टरवर ओरडली, मग बाहेरच्या जीपवाल्यावर, तो कुत्रं बसवायला कां-कूं करत होता म्हणून. पगार नुकताच झाला होता. खरं सांगते, त्यात दानधर्म वगैरे काही नव्हतं. पगार खर्च करायला माझ्यापाशी दुसरं होतं तरी कोण?

गडचिरोलीत गळ निघाला. त्या डॉक्टरनं तो चिमट्यात धरून दाखवला तेव्हा म्हातारीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती कुत्र्याच्या पोटाकडे बघत होती, हलतं की नाही ते. हलत होतं.

टाके सुकल्यावर ती पुन्हा माझ्या दाराशी आली. कुत्र्याच्या गळ्यात नवी सुतळी होती. ती तिनं माझ्या दाराच्या कडीला बांधली आणि म्हणाली, "पैसा तुमचा लागला, त जीव बी तुमचाच झाला, बाई." मी म्हटलं, वेड लागलं का तुम्हाला? पण ती ऐकेना. त्यांच्याकडे असंच चालतं म्हणे. मरणारं जनावर ज्यानं खर्च करून उठवलं त्याचं ते, आधीच्या मालकानं त्यावर हक्क सांगणं म्हणजे चोरी. ती मागे न बघता निघून गेली.

मी तिच्यामागे धावली नाही, कारण मला तो हवा होता. त्याला भात घातला, पोत्याचं अंथरूण केलं, आणि जन्मात पहिल्यांदा खोलीत मोठ्यानं बोलली. शाळेत काय झालं, हेडमास्तर काय म्हणाले, सगळं सांगितलं. तो खायचा, हाक मारली की कान हलवायचा, पण बसायचा मात्र दाराकडे तोंड करून. दार लावलं तर फटीशी. रात्रंदिवस तसाच. बोलून बोलून माझा घसा दुखला आणि त्याची पाठ काही वळली नाही.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम मासळीच्या रांगेत गेली. म्हातारी टोपलीपाशी हातात काठी घेऊन बसली होती आणि कावळे हाकत होती. दोन गिऱ्हाइकं समोर होती, तिचं लक्षच नव्हतं. मी म्हटलं, कुत्रा घेऊन जा. ती म्हणाली, दुसऱ्याचं जनावर कसं नेऊ? मी म्हटलं, मी देते आहे ना. ती म्हणाली, फुकट कसं घेऊ, गाव तोंडावर थुंकेल. अशी आमची जुंपली आणि बाजार बघायला थांबला. शेवटी मी चिडून बोलली, "मग बटईनं न्या!"

मी आपलं रागात बोलून गेली होती. बटई म्हणजे जनावर एकाचं, सांभाळायचं दुसऱ्यानं, आणि पिल्लं झाली की दोघांत अर्धी-अर्धी. शेळ्या देतात तशा, गाई देतात. कुत्र्याची बटई कोणी ऐकली आहे का? पण म्हातारी गंभीर झाली. काठी खाली ठेवून तिनं विचार केला.

"हा त नर हाये," ती म्हणाली. "पिल्लं कुठून देऊ तुमाले?"

"पिल्लं नकोत. बाजार उठला की त्याला घेऊन माझ्याकडे या. शेवटच्या बसपर्यंत तो माझा, बाकी तुमचा."

रांगेतल्या बाया हसल्या. म्हातारी नाही हसली. तिनं टोपलीतलं पाणी हातावर घेऊन हात धुतले आणि कबूल म्हणून मान हलवली.

त्यानंतर कितीतरी वर्षं बाजाराच्या संध्याकाळी ती दोघं माझ्या पायरीवर असायची. मी चहा करायची, ती बशीत ओतून फुर्रकन प्यायची, आणि घरमालकीण खिडकीतून बघायची. बघेना का! आम्ही फार काही बोलायचो नाही. कुत्रा आमच्या दोघींच्या मध्ये पसरायचा आणि त्याचं तोंड दाराकडे नसायचं. बस यायची वेळ झाली की ती 'ये रे' म्हणायची. खोलीत परत शिरताना मला दर वेळी वाईट वाटायचं, पण पुढचा बाजार ठरलेला असायचा.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. भाजीवालीची शेळी पोट फुगून आडवी पडली तेव्हा ती माझ्याकडे आली. नाटकात पेटी वाजवणारा एक विधुर मांजर घेऊन आला, तिचं पिल्लू अडलं होतं. पैसे उसने द्या, असं कोणी म्हणायचं नाही. "बटईनं घ्या ना, बाई," असं म्हणायचे, म्हणजे त्यांची मान खाली जात नसे. काहींना मी दिलं, काहींना हाकलूनही लावलं, मी काही कुबेराची लेक नव्हती. शाळेतले मास्तर मला कांजीहाऊस म्हणायचे, मोकाट जनावरांचा कोंडवाडा. वाचलेली जनावरं मालकांच्या घरी आणि सणासुदीला मला दाखवायला आणायची, असा रिवाजच पडला. म्हणजे अर्ध्या आरमोरीत माझी जनावरं होती आणि खोलीत मी एकटीच.

मग माझी बदली भामरागडला झाली. म्हातारीला सांगितलं तेव्हा तिनं बटई मोडायची का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. सुट्टीत येत राहिली, एकदा दिवाळीत, एकदा उन्हाळ्यात. कुत्रा म्हातारा झाला होता, तोंडावरचे केस पांढरे. ती पण थकली होती.

एका पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर होता आणि भामरागडचा रस्ता बंद होता. फोन मुके, बस नाही. पाणी उतरल्यावर आलेल्या पहिल्या बसच्या कंडक्टरनं निरोप दिला, तो आरमोरीहून हातोहात आलेला आणि शिळा झालेला. म्हातारीचा कुत्रा उठत नाही, तुम्ही या. मी त्याच बसनं निघाली.

तिच्या झोपडीत तो पोत्यावर होता. मागचे पाय गेले होते, अंगाला वास येत होता, श्वास घेताना कण्हत होता. पुराच्या आधीच डॉक्टर येऊन गेला होता. पोटात गाठ आहे, काही होणार नाही, इंजेक्शन देऊन मोकळा करतो, असं त्यानं सांगितलं होतं. मग आणखी एकदा येऊन गेला. म्हातारीनं दोन्ही वेळा त्याला परत पाठवलं होतं. चमच्यानं पाणी पाजत, कूस बदलत, माश्या वारत ती बसून राहिली होती.

मला भयंकर राग आला. एवढे दिवस त्याचे हाल केले! मी विचारलं, काऊन थांबल्या तुम्ही?

ती म्हणाली, "अर्धा तुमचा हाये, बाई. मी एकटीनं कसा मारू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. घरात काही ठरवायचं तर आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्यावाचून सगळ्यांचं सगळं पार पडत आलं होतं, लग्नं, वाटण्या, मौतीसुद्धा. या म्हातारीनं मात्र मृत्यू दारात बसवून ठेवला होता, मी येईपर्यंत. आणि त्याची किंमत त्या मुक्या जिवानं भरली होती. मला काय वाटावं हेच कळेना. मी खाली बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ढसाढसा रडली.

मग आम्ही दोघींनी ठरवलं. ती म्हणाली, तुम्ही सांगा. मी म्हटलं, आधी तुम्ही. शेवटी डॉक्टरला बोलावून दोघींनी मिळूनच हो म्हटलं. सुई टोचताना एक हात तिचा होता त्याच्यावर, एक माझा. फार वेळ लागला नाही.

नदीच्या वरच्या अंगाला त्याला पुरलं आणि ती मला बसपर्यंत सोडायला आली. डबक्यांतून वाट काढत आम्ही चाललो. सडकेवर पोचल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बटई सरली," ती म्हणाली. "आता इथी काऊन याल तुमी?"

"तुम्ही थांबत जा," मी म्हटलं. "मी येत जाईन."

"आता कोनासाठी थांबू?"

आयुष्यात कोणाकडे काही मागायचं नाही, हा माझा ताठा. बस वळणावर दिसायला लागली होती.

"माझ्यासाठी," मी म्हटलं.