सुमनताईंनी बाजूला ठेवलेले डबे

सातपूरला कामाला लागलो, तेव्हा सुमनताईंच्या खानावळीत पहिल्यांदा जेवायला बसलो. ताईंनी विचारले, "गाव कोणतं? घरी तेल कोणतं खाता?" आमच्या पेठकडे खुरासणीचे, असे मी सांगितले. "मग येताना बाटलीभर आण, चटणीवर घालू." आलेल्या माणसाला तेल विचारणाऱ्या बाई मी आधी पाहिल्या नव्हत्या.

ताईंना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची शिस्त आपण सर्व जाणतो. शेंगदाण्याचे तेल संपले की त्या करडईचे किंवा सूर्यफुलाचे आणतात. मोठा डबा स्वस्त पडला तरी लागेल तेवढेच घेतात. घट्ट झाकणाची बरणी शेगडीपासून लांब, अंधाऱ्या कपाटात असते. जुन्या तेलात नवे मिसळत नाहीत. तळणाचे उरलेले पुन्हा तळायला घेत नाहीत. तुपात ओला चमचा घातल्याबद्दल मीही बोलणी खाल्ली आहेत. मला कावीळ झाली, तेव्हा याच ताईंनी बिनफोडणीचे वरण वेगळे शिजवून खोलीवर पाठवले.

त्यांच्या लेकीच्या लग्नात मी स्वयंपाकाच्या मदतीला होतो. पिंपळगावहून त्यांचे धाकटे भाऊ नानामामा यांनी आहेर म्हणून तेलाचे डबे आणले होते. ते उन्हाळाभर त्यांच्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये पडून होते. पुऱ्यांसाठी डबा फोडला आणि ताई वास घेऊन थांबल्या.

"नाना, तेल खवट झालंय. बाजूला ठेवू."

"काय गं ताई! तापलं की वास उडतो."

"वास उडतो रे, खवटपणा पोटात जातो."

"चार माणसांत माझा आहेर नाकारतेस? मग नवरीला मांडवात आणायला दुसरा मामा बघ!"

मामा गाडीची किल्ली घेऊन निघाले. लेकीला हे एकच मामा. एक मावशी ताईंच्या कानाशी लागल्या, "तळून टाक बाई, कोणाला कळतंय?"

ताईंचे डोळे भरले होते. त्यांनी त्याच तेलात एक पुरी तळली, फाटकापाशी जाऊन मामांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "रुसायचं तर रुस. आधी ही खा, मग सांग, व्याह्यांच्या ताटात वाढू का?"

मामांनी घास घेतला. बराच वेळ चावत राहिले.

"घसा खवखवतोय," ते हळूच म्हणाले आणि गाडी सुरू केली. ताईंनी विचारले, "कुठं?"

"तेल आणायला! मुहूर्ताआधी येतो. भाचीला कोणी हात लावू नका, मीच आणणार मांडवात."

आणि त्यांनीच आणले. सदऱ्यावर ताज्या तेलाचा डाग तसाच होता.

सख्खा भाऊ दुरावेल हे दिसत असतानाही ताईंनी पाहुण्यांच्या पोटाचा विचार सोडला नाही. गाव सोडून आलेले आम्ही त्यांच्याकडे निर्धास्त जेवतो, ते यामुळेच. ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि या बहीण-भावाची पुढची सगळी भांडणे पंगत बसण्याआधी मिटोत.